हुजूर आणि मजूर

गुरुवारी दुपारी एम्बसीचं पत्र आलं आणि शुक्रवारी संध्याकाळी पाचला फादर साखरपुड्याला यायचे होते, त्यामुळे त्या घरात कोणालाही धड रडायला किंवा धड भांडायला वेळ मिळाला नाही. लेस्लीने पत्र वाचून दाखवलं. त्याच्या आईने, मार्सेलिनाने, ते उभ्यानेच ऐकलं आणि ती फुग्यांचं, म्हणजे तळायच्या गोडसर पावांचं, पीठ भिजवायला आत गेली. लंडनहून व्याही आले होते, मटणाचं इंद्याल मुरत पडलं होतं, घरमालकीण महमुदाने आपली मोठी परात देऊ केली होती. पत्रात नकार आहे म्हणून साखरपुड्याचं वीस माणसांचं रात्रीचं जेवण थोडंच थांबणार होतं?

पत्र चार ओळींचं होतं. कुमारी लुर्डस यांच्याशी लग्न करून ब्रिटनमध्ये स्थायिक होण्यासाठी लेस्ली यांनी केलेला अर्ज मंजूर करता येत नाही, कारण कुमारी लुर्डस किंवा त्यांच्या आईवडिलांपैकी कोणीही ब्रिटनमध्ये जन्मलेलं नाही. नवा नियम, एक मार्च एकोणीसशे ऐंशीपासून लागू. खाली सही, आणि सहीच्या खाली 'आपला आज्ञाधारक सेवक'. लेस्लीच्या बापाला, एडवर्डला, त्या शेवटच्या तीन शब्दांचाच जास्त राग आला.

"सेवक म्हणे! दार तोंडावर आपटायचं आणि वर सेवक!"

शुक्रवारी दुपारची जेवणं उरकली आणि बहरीनमधल्या बुसैतीनच्या त्या तळमजल्याच्या घरात सगळे बाहेरच्या खोलीत बसले. एसी घरघरत होता. लुर्डसचा बाप पीटर खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता, सूट घालून, टाय लावून, जणू काही त्यालाच फादर प्रश्न विचारणार होते. तो आणि एडवर्ड वसईला एकाच शाळेत, एकाच बाकावर. पीटर एकसष्ट साली इंग्लंडला गेला आणि हाउन्स्लोजवळच्या मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात लागला. एडवर्ड बहात्तर साली बहरीनला आला आणि हॉस्पिटलात एक्स-रे काढू लागला. दोघांची मुलं दोन वर्षांपूर्वी नाताळच्या सुट्टीत, वसईजवळच्या निर्मळ गावच्या एका लग्नात भेटली आणि मग पत्रांनी पोस्टमनला वैताग आणला. लुर्डस नर्स, लेस्ली हॉटेलात रिसेप्शनला. दोघांच्या बापांना तर आभाळ ठेंगणं झालं होतं. ठरलं असं की लग्न मे महिन्यात वसईला, आणि संसार लंडनला.

हा शेवटचा भाग मार्सेलिनाच्या घशाखाली कधी उतरला नव्हता. तिच्या सासऱ्यांचं आयुष्य मस्कतला गेलं, नवऱ्याचं बहरीनला चाललं होतं, आणि आता मुलगा लंडनला निघाला होता. या घरातले पुरुष एका गावी घर बांधतात आणि दुसऱ्या गावी भाड्याने राहतात, असं ती नेहमी म्हणायची. म्हणायची हसून, पण रात्री जागीच असायची. आणि काल ते पत्र ऐकताना, पीठ भिजवायला आत जायच्या आधी, तिला जे वाटलं होतं ते दुःख नव्हतं. ते काय होतं हे तिला पुरतं कळलं होतं, आणि म्हणूनच तिने पीठ नको तेवढं मळलं.

साडेचारला वरच्या मजल्यावरचा शैलेंद्र आला. तो पुण्याचा, मनामाच्या एका बँकेत. त्याच्या साहेबाने वाचून टाकलेली लंडनची वर्तमानपत्रं तो घरी आणायचा आणि शेवटच्या पानापर्यंत वाचायचा. आज बगलेत तसलाच एक गठ्ठा होता.

"वाचलं मी सगळं," तो बसता बसता म्हणाला. "अपील करता येतं, पण नियमच तसा असेल तर अपिलात काय होणार? एडवर्ड, खरं सांगू? हुजूर पक्ष निवडून आला तेव्हाच मी बायकोला म्हटलं होतं, आता आपल्या लोकांचं कठीण आहे."

"कोण हुजूर?" मार्सेलिनाने चहाचा ट्रे ठेवत विचारलं. "अरबांचा कोणी आहे का?"

शैलेंद्र हसला. "नाही वहिनी. इंग्लंडात दोन मोठे पक्ष. आपल्या मराठी पेपरवाल्यांनी त्यांना नावं ठेवलीत, हुजूर आणि मजूर. हुजूर पक्ष म्हणजे साहेबलोकांचा, मजूर पक्ष म्हणजे कामगारांचा. मागच्या मे महिन्यात निवडणूक झाली, हुजूर आले. बाहेरून येणाऱ्यांना आवर घालू, असं त्यांनी आधीच छापून सांगितलं होतं. घातला."

"म्हणजे पीटरभाऊ मजूर," मार्सेलिना म्हणाली. तिला ते नाव गमतीचं वाटलं. "कारखान्यातले ना ते."

पीटरने चहाचा कप उचलला आणि न पिता परत ठेवला.

"पण शैलेंद्रभाऊ," ती पुढे बोलतच राहिली, कारण सगळे गप्प असले की तिला बोलल्याशिवाय राहवत नसे, "साहेबलोक असून असून किती असणार? निवडून यायला मतं लागतात ना ढीगभर? मग ती दिली कोणी? कोण असा अकलेचा कांदा, की कारखान्यात राबायचं आणि मत द्यायचं हुजुरांना?"

"मी दिलं," पीटर म्हणाला.

आधी सगळ्यांना वाटलं, आपल्याच ऐकण्यात चूक झाली. लुर्डसने मान वळवून बापाकडे पाहिलं.

"डॅड?"

"मी दिलं हुजूरला मत. तीन मे ला. सकाळच्या शिफ्टला जाण्याआधी."

"यू टोल्ड मी लेबर! आपण दोघं टुगेदर गेलो होतो, डॅड. शाळेत. मी लेबरला दिलं, आणि तू बाहेर येऊन म्हणालास, सेम हियर."

"म्हणालो," पीटर म्हणाला. "तुला काय सांगणार होतो?"

एडवर्ड उठला. तो उंच माणूस, खोली लहान, त्यामुळे तो उठला की सगळ्यांना पाय आत घ्यावे लागत. "थांब. तुझ्याकडे तर आपला पासपोर्ट आहे. तुला मत कसं?"

"कॉमनवेल्थ. आपल्या पासपोर्टवरही देता येतं तिथे, राहत असलं की झालं."

"एकाहत्तर साली मी वसईत शेवटचं मत दिलं," एडवर्ड म्हणाला. "त्यानंतर ह्या बोटाला शाई नाही. इथे मी पाहुणा, गावी मी गैरहजर. आणि तुला, पीटर, परक्याच्या देशात, फुकट, हक्काने मत मिळतं. आणि त्याचं तू हे केलंस? माझ्या पोराला दार लावलंस?"

"मला काय ठाऊक ते लेस्लीला लागेल!"

"मग कोणाला लागेल असं वाटलं होतं?"

पीटर टाय सैल करायला लागला. मार्सेलिनाला त्याची कीव आली. पण त्याच्या उत्तराकडे तिचेही कान लागले होते.

"तू ये एकदा माझ्या रस्त्यावर," तो म्हणाला. "मी गेलो तेव्हा अख्ख्या रस्त्यावर आम्ही दोन घरं. शेजारची म्हातारी केक द्यायची. मग लोक आले, आणि येतच राहिले. एकेका खोलीत आठ आठ. फोरमन मला विचारतो, तुझेच ना हे? माझे कसे? मी निर्मळचा, मी रविवारी चर्चात मिसाला जाणारा. पण गोऱ्याला सगळे एकच. मला वाटलं, येणं थांबलं की निदान आम्हाला तरी आमच्या नावाने ओळखतील. मग ते संप. त्या हिवाळ्यात कचरा उचलला नाही, कारखाना आठवड्यात तीनच दिवस. युनियनवाला म्हणायचा धीर धर. सोळा वर्षं मी मजूरलाच दिलं, एडवर्ड. धीर धरून धरून वीट आला."

"आणि हा नियम? छापून सांगितलं होतं म्हणतो शैलेंद्र."

"ते म्हणाले इमिग्रंट." पीटरने सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं. "इमिग्रंट म्हणजे ते. मला कधी वाटलंच नाही की मी. अठरा वर्षं टॅक्स भरतोय मी! म्हटलं असेल हे त्यांच्या ठरवून केलेल्या लग्नांसाठी, आपलं तर चर्चमधलं लग्न."

शैलेंद्रने घसा खाकरला. त्याला वादात पडायचं नव्हतं, पण वाचलेलं पोटात ठेवणं त्याला जमत नसे. "गंमत बघा. लुर्डस इटलीची असती ना, तर लेस्लीला येऊ द्यावंच लागलं असतं. युरोपातल्या कॉमन मार्केटचा कायदा वेगळा. त्या देशांतल्या माणसाला नोकरी असली की नवरा-बायको कुठलेही असोत, बरोबर राहता येतं. इंग्लंडचा नियम त्यांना आडवा येत नाही."

"माझ्या वॉर्डवर आहे ना एक," लुर्डस म्हणाली. "नेपल्सची. सहा महिने झाले येऊन, तिचा हसबंड पण आला. मी सात वर्षांची असल्यापासून तिथे आहे. सेव्हन!"

"त्या कॉमन मार्केटलाही मीच हो म्हटलं होतं," पीटर म्हणाला. आता सुरुवात झालीच होती तर तो मागे काही ठेवायला तयार नव्हता. "पंचाहत्तर साली, लोकांचं मत घेतलं तेव्हा. हो की नाही, एवढंच विचारलं होतं. आमचा निम्मा माल जर्मनीला जातो, मॅनेजर म्हणाला हो म्हणा. आणि मी मनात म्हटलं, इटली, फ्रान्स, बेल्जियम, सगळे कॅथलिक. येतील तर येऊ देत, आमचं चर्च तरी भरेल."

इतका वेळ गप्प असलेला लेस्ली फसकन हसला आणि लगेच ओशाळला. हसण्यासारखंच होतं ते. पण एडवर्ड हसला नाही.

"म्हणजे इटलीवाल्याला दार उघडलंस आणि आपल्याला लावलंस."

"तारीख चुकली, बाकी काही नाही," शैलेंद्र मध्ये पडला. त्याने गठ्ठ्यातलं एक कात्रण काढलं. "हे बघा. चौदा नोव्हेंबरला त्यांनी नियम जाहीर केले. त्या दिवसापर्यंत ज्यांचा अर्ज आला होता, त्यांना जुनाच नियम. तुमचा अर्ज कधीचा?"

"जानेवारी," लेस्ली म्हणाला. "पण फॉर्म मी ऑक्टोबरमध्येच भरला होता. फोटोसकट."

"मग दिला का नाहीस?"

लेस्लीने आईकडे पाहिलं. रागाने नव्हे, उत्तर तिच्याकडे होतं म्हणून.

"रीत होती ना," एडवर्डच म्हणाला. "हिच्या माहेरची, नंदाखालची. साखरपुडा व्हायच्या आधी मुलाने सासरच्या गावाच्या कागदावर सही करायची नाही, संसाराला बाधतं. म्हटलं राहू दे, बायकांचं मन कशाला मोडा. पुढे जानेवारीत फादरना विचारलं तर ते हसायला लागले, तेव्हा कुठे हिने सही करू दिली."

मार्सेलिनाच्या हातात रिकामा ट्रे होता. तो तिने उगाच छातीशी धरला.

"नंदाखालची?" पीटर म्हणाला.

पीटरची बायको चार वर्षांपूर्वी वारली. ती नंदाखालची होती, मार्सेलिनाच्या माहेरापासून पाच घरं सोडून. पीटरचा साखरपुडा नंदाखालला झाला होता, आणि त्या साखरपुड्याआधी महिनाभर त्याने सासऱ्याच्या सांगण्यावरून त्याच गावातल्या जमिनीच्या कागदांवर सह्या केल्या होत्या. हे मार्सेलिनाला ठाऊक होतं. तिला ठाऊक आहे हे पीटरलाही ठाऊक होतं. बोलला असता तर त्या खोलीतला सगळा राग त्याच्या डोक्यावरून उतरून तिच्या डोक्यावर बसला असता, आणि तो निदान टाय नीट करून बसू शकला असता.

त्याने तिच्याकडे क्षणभर पाहिलं.

"असेल," तो म्हणाला. "जुनी रीत असेल. गावोगावी असतात."

मार्सेलिनाला त्याने वाचवलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी येते ना इथे," लुर्डस अचानक म्हणाली. ती लेस्लीशी बोलत होती, पण सगळ्यांना ऐकू जावं अशी. "इथल्या हॉस्पिटलला नर्सेस हव्यात. अंकल म्हणाले होते. व्हिसा मला मिळेल."

"आणि तुझं तिकडचं?" पीटर उसळला. "दोन वर्षांच्या वर बाहेर राहिलीस की परत जायचा हक्क खलास! अठरा वर्षं मी काय त्याच्यासाठी..."

"ते तू मत देताना विचारायचं होतंस," एडवर्ड म्हणाला. "माझा मुलगा काय तुझ्या निवडणुकीत सापडलेला उंदीर आहे? साखरपुडा आज नाही. मी फादरना फोन करतो. ज्या माणसाने आपल्याच लोकांना दार लावलं, त्याच्या घरी मी सोयरीक करणार नाही. मग लेस्ली काय करायचं ते करू दे."

"डॅडी!" लेस्ली उभा राहिला.

"बस खाली. लहानपणापासूनचा मित्र म्हणून मी डोळे मिटून हो म्हटलं होतं."

तो पॅसेजकडे वळला. फोन पॅसेजमध्ये, छोट्या टेबलावर होता. मार्सेलिना आणि तो, दोघं एकाच वेळी त्या दारात पोहोचले, आणि ती बाजूला झाली नाही.

"सर ना," एडवर्ड म्हणाला.

"अशी रीत नाही," मार्सेलिना म्हणाली.

"कसली?"

"नंदाखालला. कुठेच नाही. मी बनवून सांगितली." ट्रे अजून तिच्या छातीशीच होता. "फॉर्म टेबलावर पाहिला, लेस्लीचा फोटो लावलेला, आणि मी घाबरले. म्हटलं जितके दिवस थांबेल तितके दिवस आपला. दुसरं काही सुचलं नाही, म्हणून रीत सांगितली. पीटरभाऊंना ठाऊक आहे अशी रीत नाही. ते बोलले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. आता कर फोन, आणि फादरना सांग की व्याह्यांमुळे नाही, माझ्यामुळे मोडलं."

एडवर्ड बघतच राहिला. तेवीस वर्षांच्या संसारात ती त्याच्याशी खोटं बोलली होती ते मासे किती रुपयांचे आणले एवढ्यापुरतंच, असं तो धरून चालला होता. लेस्ली परत खुर्चीत बसला आणि त्याने तोंडावरून हात फिरवला.

"मम्मी, तू म्हणाली असतीस की जाऊ नको..."

"तर तू राहिला असतास?"

लेस्ली वाकून बुटाची नाडी परत बांधू लागला.

"म्हणूनच नाही म्हटलं," ती म्हणाली.

शैलेंद्र कात्रणं गोळा करू लागला. आपण वर जावं की इथेच बसावं हे त्याला कळेना. पीटर उठून दाराशी आला आणि एडवर्डच्या खांद्याला हात लावला. एडवर्डने तो झटकला नाही, एवढंच.

लुर्डस मात्र जागची हलली नव्हती. गुलाबी साडी तिला मार्सेलिनानेच सकाळी नेसवून दिली होती, निऱ्या काढताना दोघी हसल्या होत्या. आता ती साडी सावरत उभी राहिली आणि मार्सेलिनाच्या समोर आली.

"आंटी, एक विचारू?" तिचं मराठी आईकडून आलेलं होतं, अगदी नंदाखालचं, आणि इंग्रजी गळून पडलं की ते मार्सेलिनाच्या काळजाला भिडायचं. "तुम्हाला तिकडे मत असतं, आणि ह्या नियमाने लेस्ली घरी राहतो हे आधी ठाऊक असतं, तर तुम्ही कोणाला दिलं असतं?"

खोटं बोलायची ही वेळ होती. मार्सेलिनाला ते जमलंही असतं, तिने एक आख्खी रीत उभी केली होती. पण समोरच्या मुलीचे डोळे पाणावलेले नव्हते, ते नुसते वाट बघत होते.

"हुजूरला," ती म्हणाली. "त्यांनाच दिलं असतं, पोरी. पहाटे उठून रांगेत उभी राहिले असते."

बाहेर महमुदा आपल्या मुलाला हाका मारत होती, परात नेऊन दे म्हणून.

"डॅडला ठाऊक नव्हतं ते कोणाला लागणार," लुर्डस म्हणाली. "तुम्हाला ठाऊक होतं, आंटी."

मार्सेलिनाने मान हलवली. नाही म्हणण्यासारखं काही नव्हतंच.

"मी इथे येणार. दीड वर्ष काम करणार. तोवर नियम बदलला तर बरं. नाही बदलला तरी मी परत जाणार, माझा हक्क मी सोडणार नाही. तेव्हा लेस्लीला थांबवायला तुम्ही नवी रीत काढायची नाही. एकटी गेले तर तो भेटायला येईल, आम्ही झगडू, काय ते करू. पण मध्ये तुम्ही नाही. कबूल?"

"कबूल," मार्सेलिना म्हणाली. हे पोरगं आता आपलं राहणार नाही, इथे राहिलं तरी राहणार नाही, हे तिला त्याच क्षणी कळलं. आणि ते लंडनने नेलेलं नव्हतं.

घंटी वाजली. पाचला पाच कमी होते, फादर नेहमीच लवकर यायचे. एडवर्ड दार उघडायला गेला नाही, फोनकडेही गेला नाही. मध्येच उभा राहिला आणि बायकोकडे पाहू लागला.

अंगठीची डबी मार्सेलिनाच्या कपाटात, तिच्या रोजच्या जपमाळेशेजारी होती. ती आत गेली, डबी आणली आणि लेस्लीकडे न देता लुर्डसच्या तळहातावर ठेवली.

"पीटरभाऊ," ती म्हणाली, "दार उघडा. आज घर तुमचं."

आणि पीटर टाय सारखा करत दाराकडे गेला.